भाऊजींना डोळे मिटायला सांगू नका



या वेळी चातुर्मासात पालेभाज्या बंद असताना रोज काय करायचं, यावर लिहिणार होते. तुमच्यापैकी दोघीतिघींनी तसं सांगितलंही होतं. ते आता पुढच्या वेळी. आज एका वेगळ्याच गोष्टीवर लिहायचंय, आणि ते लिहिताना मला माझीच एक चूक सांगावी लागणार आहे.

झालं असं की आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत एक ठराव आलाय. दशलक्षण पर्व संपलं की तालुक्यातल्या माजी सैनिकांसाठी ध्यान आणि प्राणायामाचं तीन दिवसांचं शिबिर घ्यायचं. हॉल आपलाच, नाश्ता आपण करायचा, शिकवणारे बाहेरून येणार. कुणाच्या तरी मोबाइलवर आलं होतं की अमेरिकेत युद्धावरून आलेले सैनिक ध्यानाने बरे झाले. मग काय, सगळ्या एका सुरात म्हणाल्या, ध्यान तर आपलंच, आपण का मागे राहायचं? हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंकाच नाही. पण मी हात वर केला नाही. का केला नाही, हे बैठकीत मला नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहिते.

आमच्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. आमच्या भागात दर चार घरांमागे एक तरी फौजी असतोच, त्यामुळे यात नवल काही नाही. त्यांची बायको मला आक्का म्हणते, मी तिला वैनी आणि त्यांना भाऊजी. तिला विचारूनच लिहितेय. नाव, गाव, पलटण काही देणार नाही. भाऊजींची बरीच वर्षं काश्मीरमध्ये गेली. तिथे काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. पहाटे आम्ही मंदिरात निर्वाण लाडू चढवून आलो, दिवसभर येणंजाणं झालं, सूर्यास्ताआधी जेवणंही उरकली. रात्री गल्लीत पोरांनी सुतळी बॉम्ब लावले. थोड्या वेळाने वैनी मागच्या दाराने आली. "आक्का, हे गोठ्यात जाऊन बसल्यात. म्हशीच्या मागं. हात लावला तर अंगावर येत्यात. काय करू सांगा." मी गेले. भाऊजी भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले होते, नजर दारावर. घाम इतका की सदरा चिकटला होता. मला ओळखलं, पण ओळखलं नसल्यासारखं. म्हैस मात्र शांत रवंथ करत होती. पुढे कितीतरी दिवस तेच डोळ्यांसमोर येत होतं.

मग वैनीने एकेक सांगायला सुरुवात केली. रात्री दोनदोनदा उठून कड्या तपासतात. लग्नाच्या मांडवात बसले तर शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. झोपेत ओरडतात. एकदा झोपेतच तिचा गळा धरला, तेव्हापासून ती पोरांच्या खोलीत झोपते. हे पाच वर्षं चाललेलं आणि मधे आमची एक भिंत. मी रोज तिच्याकडून दूध घेत होते.

आता माझी चूक. मी सामायिक करणारी बाई. अठ्ठेचाळीस मिनिटं बसण्याची वर्षानुवर्षांची सवय, त्याने मला काय दिलं ते मलाच ठाऊक. मला वाटलं, यांनाही हेच द्यावं. त्याच हिवाळ्यात जवळच्या एका गावात ध्यानाचं शिबिर होतं. कुणाचं, कुठलं ते सांगत नाही. मी भाऊजींना आग्रह करून पाठवलं, वैनीलाही सोबत पाठवलं. तिथे हॉलची दारं लावून घेतली, दिवे मंद केले. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि जोरजोरात श्वास घ्यायला लावला. शिकवणारे मागून फिरत होते. त्यांच्यापैकी एकाने भाऊजींची पाठ सरळ करायला मागून खांद्यावर हात ठेवला. पुढचं वैनीकडूनच ऐकलं. ते ताडकन उठले, दार उघडत नव्हतं, दाराला धडका दिल्या. बाहेर ओट्यावर बसून थरथरत होते. तिथल्या एका बाईंनी वैनीला समजावलं, मन एकाग्र करायची इच्छाच नसेल तर काय उपयोग. आणि दुसरीने, आपल्यातल्याच एकीने, जाता जाता म्हटलं, "शेवटी हिंसा केलेली असते ना, कर्म कुणाला सुटलंय?"

त्यानंतर आठ दिवस भाऊजी घराबाहेर पडले नाहीत. त्यांना पाठवलं मी. म्हणून हे माझ्या माथी आहे.

माझ्या नणंदेची मुलगी अमेरिकेत माजी सैनिकांच्या एका सरकारी रुग्णालयात व्यायामोपचार करते. मी तिला फोनवर सगळं सांगितलं आणि विचारलं, मग ते ध्यानाने बरे होतात ते खोटं का? ती म्हणाली, "मामी, खोटं नाही. पण तुम्ही ऐकलंय तेवढं सोपंही नाही." तिने मला बरंच वाचायला पाठवलं आणि जे कळलं नाही ते फोनवर समजावलं. त्यातलं महत्त्वाचं तुम्हाला सांगते.

या आजाराला पीटीएसडी म्हणतात. आघात होऊन जातो, पण शरीर अजून तिथेच असतं. पहिल्या महायुद्धात याला शेल शॉक म्हणत. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्ये त्याला आजारांच्या अधिकृत यादीत घातलं. म्हणजे तो भित्रेपणा नाही, नाटक नाही आणि पापाचं फळही नाही. अपघात, पूर, बलात्कार, घरातली मारहाण यांतून गेलेल्यांनाही तो होतो. आपल्या आसपासच्या किती बायकांना असेल, देव जाणे.

श्वासाचं म्हणाल तर तिथे खरंच अभ्यास झालेत. २०१४ मध्ये इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या २१ सैनिकांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुदर्शन क्रियेवर आधारित सात दिवसांचा अभ्यासक्रम काहींना दिला, बाकीच्यांना थांबवून ठेवलं. ज्यांनी केला त्यांची लक्षणं कमी झाली. २०१५ मध्ये मिनिआपोलिसमध्ये ११६ माजी सैनिकांवर माइंडफुलनेसचा प्रयोग झाला. त्यात त्रास थोडा जास्त कमी झाला, पण आजारातून पूर्ण बाहेर पडलेल्यांची संख्या दुसऱ्या गटापेक्षा फारशी वेगळी नव्हती. सगळ्यात मोठा २०१८ चा, सॅन दिएगोचा. २०३ माजी सैनिक, तीन गट, बारा आठवडे. एका गटाला भावातीत ध्यान, दुसऱ्याला आघाताची आठवण तज्ज्ञासमोर पुन्हा पुन्हा काढून तिची धार कमी करण्याचा ठरलेला उपचार, तिसऱ्याला नुसते आरोग्याचे वर्ग. चांगली सुधारणा दिसली ती पहिल्या गटात शंभरातल्या ६१ जणांत, दुसऱ्यात ४२, तिसऱ्यात ३२.

मोबाइलवर फिरतो तो हा ६१ चा आकडा. मला मात्र उरलेले ३९ दिसतात. तीन महिने, शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली, रोज घरी सराव करूनही ज्यांना तेवढा फायदा झाला नाही असे ३९. आपल्या तीन दिवसांच्या शिबिरातून ते निघाले तर त्यांना कोण विचारणार? नाश्त्याच्या पोह्यांचा हिशेब होईल, त्यांचा होणार नाही. तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही आघाताविषयी बोलण्याचे मानसोपचार पहिले आहेत, माइंडफुलनेस त्यांच्या मागे.

श्वासाने फरक का पडतो, हे मी भाचीला खोदून विचारलं. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून सोडणं लांबवलं की शरीराला हळूहळू कळतं, की आता धोका नाही. मनाला हुकूम देता येत नाही, श्वासाला थोडाफार देता येतो. बुजलेल्या म्हशीला दूध काढण्याआधी पाठीवरून सावकाश हात फिरवतात तसंच काहीसं. पण त्याच म्हशीला कोंडून, मागून जाऊन थापटलं तर ती लाथ मारणारच. भाऊजींचं तेच झालं. ज्याचं आयुष्य डोळे उघडे ठेवण्यावर वाचलंय त्याला आपण सांगतो डोळे मिट. मिटले की आत जे आहे ते सगळं समोर येतं. जोरजोरात श्वास घेतला की छाती धडधडते आणि त्या धडधडीची ओळख त्याला फक्त एकाच प्रसंगातून आहे. तिकडे आघाताची जाण असलेले शिक्षक म्हणे सुरुवातीलाच सांगतात, डोळे उघडे ठेवा, दार दिसेल असे बसा, नको वाटलं तर उठून जा, विचारावं लागणार नाही. श्वास नको वाटला तर पायाखालची जमीन जाणवू द्या, नाहीतर बाहेरचा आवाज ऐका. न विचारता कुणालाही हात लावायचा नाही.

हे ऐकताना मला एकदम आपली मूर्ती आठवली. आपल्या कुंभोजच्या बाहुबलीला तुम्ही सगळ्या गेलाच असाल. अठ्ठावीस फुटी मूर्ती. बसलेली आहे का? उभी आहे. डोळे मिटलेत का? नाहीत. कायोत्सर्ग म्हणजे तेच, उभं राहून, हात सोडून, शरीर सैल आणि मन जागं. आणि आपण त्याचं माप कशात मोजतो? श्वासात. नऊ वेळा णमोकार, सत्तावीस श्वासोच्छ्वास. एका णमोकाराला तीन. लहानपणी आजीने सांगितलं तसं आपण करत आलो, आणि करताना बहुतेक वेळा घाईघाईने नऊ उरकून मोकळ्या होतो. मीही त्यातलीच. तेरापंथात १९७५ पासून आचार्य तुलसी आणि महाप्रज्ञजींनी जे प्रेक्षाध्यान रुजवलं त्यातही कायोत्सर्ग आणि दीर्घ श्वास आधी येतात. म्हणजे उभ्याने, उघड्या डोळ्यांनी, श्वास मोजत करण्याची रीत आपल्या घरातच होती आणि मी भाऊजींना पाठवलं बंद हॉलमध्ये.

आता त्या "कर्म कुणाला सुटलंय" वर बोलायलाच हवं. कारण हे वाक्य त्या एका बाईचं नाही. आपल्यात फौजी घरांविषयी एक हलकीशी अढी असते, कबूल करूया. आपण पाणी गाळून पितो, मुंगी वाचवून पाऊल टाकतो, मग बंदूक हातात घेतलेला माणूस आपल्याला थोडा लांबचा वाटतो. पण शास्त्र तसं म्हणत नाही. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. श्रावकाने संकल्पी सोडायचीच आहे. रक्षणासाठी घडते ती विरोधी, ती गृहस्थाला पूर्ण टळत नाही. श्रवणबेळगोळची गोम्मटेश्वराची मूर्ती ज्याने घडवून घेतली तो चामुंडराय कोण होता? गंग राजांचा सेनापती. त्याच्या मूर्तीपुढे महामस्तकाभिषेकाला आपण लाखांनी जातो, आणि शेजारच्या हवालदाराला म्हणतो, भोग आता.

शिवाय कर्मसिद्धांत आपल्या हाती दिला तो स्वतःला तपासायला. दुसऱ्याच्या दुखण्यावर चिकटवायला नाही. असातावेदनीय कर्म कशाने बांधलं जातं ते तत्त्वार्थसूत्र वाचणाऱ्या सगळ्याजणींना माहीत आहे, दुसऱ्याला दुःख, शोक, संताप दिल्याने. मग ओट्यावर थरथरणाऱ्या माणसाच्या बायकोला तसं बोलताना कर्म कुणाचं बांधलं गेलं?

आणि बाहुबलींची कथाच घ्या. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणातली. भावाभावांत दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध झालं, तिन्ही बाहुबलींनी जिंकलं, आणि जिंकल्यावर सगळं सोडून उभे राहिले. एक वर्ष. वेली चढल्या, सापांनी वारुळं केली. तरी केवलज्ञान होईना. कारण आत एक टोचणी होती, माझ्यामुळे भरताला क्लेश झाला. त्याला शल्य म्हणायचं की नाही यावर पंडितांत वाद आहे, मी त्यात पडत नाही. माझं लक्ष पुढच्या गोष्टीवर जातं. भरत आला, त्याने नमस्कार केला, तेव्हा ती टोचणी गेली. श्वेतांबर परंपरेत ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी येतात आणि भावाला हत्तीवरून उतर म्हणतात. तपशील वेगळे आहेत. पण दोन्हीकडे वर्षभराचं असं ध्यान, जे आपल्याला सात जन्मांत जमणार नाही, ते एकट्याने पुरलं नाही. कुणीतरी चालत यावं लागलं. युद्धावरून आलेल्या माणसाविषयीची याहून जुनी आणि खरी गोष्ट मला माहीत नाही, आणि मी ती पन्नास वर्षं फक्त मूर्तीची कथा म्हणून ऐकली.

भाऊजींचं पुढे काय झालं, तेही सांगते. जादू काही झाली नाही. माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतून त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवता येतं, हे वैनीला माहीतच नव्हतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन माझ्या यजमानांनी कागद विचारून आणले. पहिली भेट मिळूनही भाऊजी गेले नाहीत. दुसरीला गेले. गोळी सुरू आहे, महिन्याला बोलायला जातात. गोळीने सुस्ती येते म्हणून मधे दोनदा बंद केली आणि दोन्ही वेळा घरात आरडाओरडा झाला. डॉक्टरांनाच विचारून श्वासाचं सुरू केलं, तेही माझ्या यजमानांबरोबर, सकाळी उसाच्या बांधावरून फिरताना. चार पावलांत श्वास घ्यायचा, सहा पावलांत सोडायचा. मग विहिरीपाशी पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, डोळे उघडे. आमचे हे णमोकार मोजतात. भाऊजी माळकरी घरातले, ते रामकृष्णहरी मोजतात. मी णमोकाराचा आग्रह धरला नाही आणि तुम्हीही धरू नका, हे मला मंडळाला मुद्दाम सांगायचंय. त्यांना धर्म शिकवायला आपण निघालेलो नाही.

रात्रीच्या कड्या अजून तपासतात. पूर्वी चारदा, आता एकदा. वैनी अजून पोरांच्या खोलीतच झोपते.

तिच्याविषयी कुणी बोलतच नाही, हेही मला खटकतं. शिबिराच्या ठरावात सैनिक आहेत, त्यांच्या बायका नाहीत. पाच वर्षं जिने रात्री जागून काढल्या तिचं काय? मंडळाकडे हॉल आहे, भांडी आहेत, तीस बायका आहेत. माझ्या मते आपल्याला जमण्यासारखं काम तिथे आहे. फौजी घरातल्या बायकांना दुपारी दोन तास बोलवायचं, चहा ठेवायचा आणि ऐकायचं. उपदेश नाही, प्रवचन नाही. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर लिहून द्यायचा, तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. कुणी सोबत येईल का असं विचारलं तर सोबत दवाखान्यात जायचं. श्वासाचे वर्ग घ्यायचेच असतील तर या आजाराची माहिती असलेला माणूस शोधा, आठ-दहाच जण घ्या, दार उघडं ठेवा. आणि ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांना ते सोडायला कुणीही, अगदी कुणीही सांगायचं नाही.

फटाक्यांचं तर आपण दरवर्षी म्हणतोच. महावीरांच्या निर्वाणाच्या दिवशी जीवहिंसा नको. पोरं ऐकत नाहीत. मागच्या दिवाळीत मी गल्लीतल्या सात घरी गेले आणि किड्यामुंग्यांचं काही न बोलता फक्त भाऊजींचं सांगितलं, वैनीच्या परवानगीने. पाच घरांनी बॉम्ब आणले नाहीत. दोघांनी आणले, पण गल्लीच्या टोकाला जाऊन लावले आणि आधी येऊन सांगून गेले.

तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, एका माणसाच्या अनुभवावरून शिबिरच नको म्हणणं बरोबर नाही. शक्य आहे. चाळीस जण आले तर कदाचित पंचवीस जण प्रसन्न होऊन जातील, हे मी नाकारत नाही. पण जो धडका देत बाहेर पडेल त्याच्या मागे ओट्यावर कोण जाऊन बसेल, हे ठरल्याशिवाय मी ठरावावर सही करणार नाही.

क्षमावाणीच्या दिवशी आपण घरोघरी उत्तम क्षमा म्हणत फिरतो. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा भाऊजींपुढे हात जोडले आणि म्हटलं, "भाऊजी, त्या शिबिराला मी तुम्हाला पाठवलं. चुकलं माझं." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही कशाला हात जोडताय वैनी. दार तेवढं उघडं ठेवायला सांगायचं होतं."

मंडळाची पुढची बैठक रविवारी दुपारी तीनला आहे. शिबिराबद्दल तुमच्या गावात काही अनुभव असेल, चांगला किंवा वाईट, तर त्याआधी मला कळवा.